विणकामाच्या सुया घरी ओताव्यात का?

भगिनींनो, थंडीची चाहूल लागली की विणकामाची पत्रे येऊ लागतात. टाके किती घालावेत, टोपड्याला कानपट्टी कशी जोडावी, अशी ती पत्रे असतात. त्यांची उत्तरे द्यायला मला फारसा विचार करावा लागत नाही. या खेपेस मात्र निफाड तालुक्यातल्या एका मुलीचे पत्र आले आणि ते मी आठ दिवस उशाशी ठेवून होते.

ती लिहिते की तिने मोबाइलवर काचेसारख्या पारदर्शक, रंगीत, आत फुलांच्या पाकळ्या दिसणाऱ्या विणकामाच्या सुया पाहिल्या. त्या रेझिन ओतून घरी करता येतात म्हणे. तिच्या आईची बोटे आखडली आहेत, लोखंडी सुई हातात ठरत नाही, म्हणून आईसाठी एक जाड सुयांचा जोड करायचा आहे. पण पत्राच्या शेवटी खरी गोष्ट आहे. हा धंदा चालेल असे वाटून ती बचत गटातून कर्ज काढून पाच किलो रेझिन मागवणार आहे. "काकू, काढू का कर्ज?" असे तिने विचारले आहे.

मुली, आधी कर्ज काढू नकोस. बाकीचे आता सविस्तर सांगते, कारण या सुयांच्या नादाला मी स्वतः लागले होते आणि त्यात हात पोळून घेतला.

रेझिन म्हणजे आपली राळच, पण झाडाची नव्हे, कारखान्यात केलेली. झाडाची राळ आपण धुपात घालतो. लाखही त्याच गोतातली. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर बारीक किडे ती तयार करतात आणि कासार तिच्या बांगड्या करतात. हे पदार्थ ऊन लागले की मऊ होतात आणि गार झाले की घट्ट होतात. कारखान्यातले रेझिन तसे नाही. त्यात दोन बाटल्या असतात. एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारे औषध, ज्याला हार्डनर म्हणतात. दोन्ही मापाने मिसळले की त्यांची आपसात क्रिया होऊन ते दगडासारखे होते आणि पुन्हा कधी पातळ होत नाही. हे तुम्हाला नवीन नाही. पाइपलाइन गळू लागली की घरधनी एम-सीलच्या दोन कांड्या एकत्र मळून लावतात ना? किंवा अ‍ॅराल्डाइटच्या दोन नळ्या? ती याच जातीची वस्तू आहे. ओतायचे रेझिन फक्त पातळ आणि स्वच्छ असते, एवढाच फरक. त्याला इपॉक्सी म्हणतात.

सहज आठवले म्हणून सांगते, आपल्या गाईच्या दुधापासूनही एकेकाळी सुया होत. दुधातला चोथा म्हणजे केसीन काढून त्याचे शिंगासारखे कठीण प्लॅस्टिक करण्याची युक्ती १८९७ साली जर्मनीत निघाली. पुढे विलायतेत त्याची बटणे आणि विणकामाच्या सुया कितीतरी वर्षे होत होत्या. तेव्हा सुई लोखंडाचीच हवी असे काही नाही. हातात धरवते आणि लोकर अडकत नाही ती सुई चांगली.

आता फायबरची दुकाने तालुक्याच्या गावी असतात. तिथे टाक्या आणि मूर्ती करण्यासाठी दुसऱ्या जातीचे स्वस्त रेझिन मिळते. त्याला पॉलिएस्टर रेझिन म्हणतात. दुकानदार त्यासोबत दोन बाटल्या देतो, एक जांभळट रंगाचे कोबाल्ट आणि एक पाण्यासारखे हार्डनर. स्वस्त पडते म्हणून ते घरात आणू नका. त्याची वाफ डोक्यात जाते, ते चटकन पेट घेते, हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि ती दोन बाटल्यांतली औषधे चुकून एकमेकांत थेट मिसळली तर स्फोट होतो. कारखान्यात शिकलेली माणसे हे काम करतात ते वेगळे. जिथे पोर रांगते त्या घरात ते नको.

इपॉक्सी त्या मानाने शांत आहे, पण निरुपद्रवी नाही. हे मी शिकले ते असे.

चैत्रातली गोष्ट. मी अर्धा किलोचा जोड-डबा मागवला होता. आमच्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी आमच्या आळीतल्या प्रत्येक बाळाला झबले-टोपडे विणून दिले आहे, पण दोन हिवाळे झाले, त्यांनी सुया खाली ठेवल्या होत्या. "सुई गार लागती गं, बोटात कळ येती," म्हणत. त्यांना ओतीव सुया करून चकित करायचे माझ्या मनात होते. भर दुपारी पत्र्याच्या पडवीत बसून मी एकदमच पाव लिटर माल एका उभट मगात ढवळला. म्हटले, एकदाच मिसळू आणि सावकाश ओतत बसू. दहा मिनिटांत मग हाताला ऊन लागू लागला. आणखी थोड्या वेळाने त्यातून धूर निघाला आणि मगाचे बूड वितळून पायरीवर बसले. मी तो चिमट्याने उचलून अंगणात दगडावर नेऊन ठेवला, म्हणून बरे. पोर जवळ असते तर काय झाले असते, हा विचार आजही येतो.

झाले असे की घट्ट होताना हा माल स्वतःच उष्णता सोडतो. थोडा, पसरट असेल तर ती उष्णता उडून जाते. पुष्कळ माल उभट भांड्यात कोंडला तर ती आतच साठते आणि क्रिया आणखी भडकते. त्यात चैत्राचे ऊन. तेव्हापासून मी एका वेळी ६० मिलीलिटरच्या वर कधी मिसळत नाही, तेही पसरट डबीत, आणि हे काम दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंतच्या दिवसांत सकाळी नऊच्या पुढे करते. फार थंडीत माल काकवीसारखा दाट राहतो आणि बुडबुडे सुटत नाहीत. पावसाळ्यात हवेतला ओलावा धरून वर पांढरट, चिकट साय येते. पंचवीस अंशांच्या आसपासची कोरडी हवा याला मानवते.

दुसरी चूक हातमोज्यांची. कणीक मळायच्या हातांना काय होते, असे म्हणून मी मोजे घातले नाहीत. तिसऱ्या दिवशी मनगटापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत लाल पुरळ उठले आणि आठ दिवस खाजेने झोप नव्हती. डॉक्टरांनी सांगितले की एकदा अंगाने या वस्तूशी वैर धरले की पुढे थेंबभर लागला तरी पुरळ उठते आणि हे वैर बहुधा जन्मभर राहते. म्हणून निळे नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्या आणि उघडी, वारा खेळती जागा याशिवाय डबा उघडू नये. हाताला लागलेच तर साबण आणि पाण्याने धुवावे. रॉकेल किंवा थिनरने पुसू नये, त्याने ते कातडीत आणखी मुरते. गरोदर बायकांनी, दमेकऱ्यांनी यात पडूच नये. फवारणीच्या औषधाला आपण जसे वागवतो तसे याला वागवावे. डबा कुलपात, मापाची भांडी वेगळी आणि ती पुन्हा कधी स्वयंपाकघरात यायची नाहीत.

आता सुयांकडे येऊ. आधी नंबरांचा हिशेब समजून घ्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन, बारा नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर. बाळाचे कपडे आपण दहा, अकरा, बारावर विणतो. सहा नंबर ५ मिलिमीटरची, शून्य नंबर ८ मिलिमीटरची, आणि तीन शून्यांची १० मिलिमीटरची, म्हणजे करंगळीएवढी.

नुसत्या रेझिनची बारीक सुई टिकत नाही. मी आठ नंबरची ओतून पाहिली. दिसायला खडीसाखरेची कांडी. वीस टाके घातले, दुसऱ्या ओळीला जरा ताण दिला आणि कट् आवाज होऊन टोक लोकरीतच राहिले. आत बुडबुडा असेल तर तिथूनच मोडते. म्हणून माझे मत असे पडले की नुसती रेझिनची सुई ओतायची तर १० मिलिमीटरचीच ओतावी आणि त्यातही मध्ये सायकलची तार घालावी. बारीक सुया हव्या असतील तर दांडी बांबूची करावी आणि रेझिनचे फक्त बोंड बसवावे. मोबाइलवर दाखवतात त्यात हे कोणी सांगत नाही, कारण तिथे सुई दाखवतात, तिच्यावर स्वेटर पुरा झालेला दाखवत नाहीत.

१० मिलिमीटरच्या सुईचा साचा शेतातच आहे. ठिबकची १२ मिलिमीटरची साधी नळी, जिला लॅटरल म्हणतात, तिचे आतले माप सुमारे १० मिलिमीटर भरते. ती पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला इपॉक्सी चिकटत नाही. तोटी किंवा भोक नसलेला, नवा, कोरा तुकडा घ्यावा. वापरलेल्या नळीत क्षार बसलेले असतात, त्यांचे खरखरीत ठसे सुईवर उठतात. एक फूट दोन बोटे लांबीचे दोन तुकडे कापावेत. वेटोळ्यातली नळी वाकडी असते, म्हणून ती गरम पाण्यात बुडवून अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या सरळ तुकड्यात सरकवावी आणि तिथेच गार होऊ द्यावी. खालचे तोंड लाकडी खुंटीने बंद करून वर चिकटपट्टीचे चार वेढे द्यावेत. रेझिन सुईच्या अग्राएवढ्या फटीतूनही रात्रभर गळत राहते. मग हे पाइप वाळू भरलेल्या बादलीत ओळंब्यात उभे करावेत.

माल किती लागेल? एक फुटाच्या १० मिलिमीटर नळीत साधारण २४ मिलीलिटर मावतो, जोडीला ४८. थोडा डबीला चिकटून जातो, म्हणून ६० मिसळावा. डब्यावर दोनास एक असे प्रमाण असेल तर ४० रेझिन आणि २० हार्डनर. काहींचे प्रमाण सारखे असते, तेव्हा डब्यावरचे वाचावे आणि शेजारणीचे ऐकू नये. प्रमाण वजनाचे लिहिले असेल तर काट्यावर मोजावे, मापाने नव्हे. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घालाल तर इपॉक्सी लवकर होत नाही, उलट कायमची चिकट राहते. हे चुन्यात पाणी वाढवण्यासारखे नाही, इथे एकाला एक जोडीदार लागतो आणि उरलेला तसाच राहतो.

रेझिनची बाटली आधी कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवली तर माल पातळ होतो. मग हार्डनर घालून तीन-चार मिनिटे सावकाश, डबीच्या कडा आणि बूड खरवडत ढवळावे. ताक घुसळल्यासारखे ढवळू नये, हवा जाते. रंग कोरडी पूडच घालावी आणि तीही चिमटीभर. पाण्यात कालवलेला कोणताही रंग चालत नाही. मोठ्या पिचकारीला, म्हणजे सुई काढलेल्या ५० मिलीलिटरच्या सिरिंजला, ठिबकची बारीक मायक्रोट्यूब जोडावी, तिचे टोक नळीच्या तळाशी नेऊन माल खालून वर भरत यावा. हवा आपोआप वरून निघून जाते. शेवटी सायकलची तार, वाकडे डोके कापून, वरून ओळंब्यासारखी सोडावी आणि दोऱ्याने अडकवून ठेवावी. तार तळापासून दोन बोटे वर राहिली पाहिजे. खालचा भाग पुढे टोक म्हणून घासायचा आहे, त्यात लोखंड निघाले तर लोकर फाटेल.

चोवीस तास हात लावू नये. मग नळी ब्लेडने उभी चिरून सोलावी, शेवग्याच्या शेंगेचे साल निघते तशी निघते. टोक घासायची मात्र घाई नको. आणखी आठवडाभर सुई तशीच ठेवावी, कारण कच्च्या रेझिनची धूळ छातीला वाईट. आधी बारीक कानस, मग पाण्यात बुडवून वॉटर पेपर, १२० नंबरापासून २२०, ४००, ८०० असा चढत. ओले घासले की धूळ उडत नाही, तरी नाका-तोंडाला फडके बांधावे. टोक पेन्सिलीसारखे अणकुचीदार करू नये, गव्हाच्या दाण्याच्या बुडासारखे गोलसर ठेवावे. शेवटी टूथपेस्ट लावून मऊ कापडाने चोळले की चकाकी येते. झाली का नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. जुनी नायलॉनची ओढणी सुईवरून ओढून पाहावी. एक धागा जरी अडकला तरी पुन्हा कागद हातात घ्यावा.

या घासण्यातच खरा वेळ जातो. माझ्या एका जोडीला दोन दुपारी गेल्या.

असा जोड मी आत्यांच्या हातात दिला. त्यांनी उजेडात धरून पाहिला, आतल्या वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या पाहिल्या, मग म्हणाल्या, "झ्याक झालंय. पण हे लाटणं घेऊन मी काय विणू?" त्यांचे खरे होते. तारेसकट एक सुई तीस ग्रॅमच्या वर गेली होती. आखडलेल्या बोटांना जाडी बरी वाटते, पण वजन नको असते. टाके सगळे डाव्या सुईवर लोंबू लागले की मनगट भरून येते.

तेव्हा मी बांबूकडे वळले. आधीच वळायला हवे होते. बुरुडाकडून वाळलेल्या बांबूची सरळ, गाठ नसलेली कांब आणली. कोयत्याने तासून, काचेच्या तुकड्याने खरवडून ती ५ मिलिमीटरची केली. एकसारखी गोल व्हावी म्हणून पत्र्याला तेवढ्याच मापाचे भोक पाडून त्यातून ओढून काढली. मग काचकागद आणि वरून जवसाचे तेल. शेंगदाण्याचे किंवा करडीचे लावू नका, ते हवे तसे वाळत नाही आणि लोकरीला डाग पडतात. जवसाचे तेल चोळून, पुसून, चार-पाच दिवस सावलीत वाळवले की हाताला गुळगुळीत लागते. त्याची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावीत.

आणि त्याला रेझिनचे बोंड. यासाठी १६ मिलिमीटरच्या ठिबक नळीच्या बोटाच्या पेराएवढ्या चकत्या कापल्या, खाली चिकटपट्टी लावली, झाला साचा. दोन बोंडांना जेमतेम ५ मिलीलिटर माल लागतो. इतका थोडा नीट मोजता येत नाही, म्हणून मी १० आणि ५ असा १५ मिलीलिटर मिसळते. अर्धा साचा भरून दीड-दोन तास थांबायचे, माल मधासारखा दाट झाला की आत जे घालायचे ते घालायचे, दांडी मध्ये उभी करायची आणि वरून उरलेला माल. वस्तू आधी घातली तर ती तळाला बसते किंवा वर तरंगते. पाकळी घालाल तर वहीत दाबून महिनाभर वाळलेली हवी. ओलसर पाकळी आत काळी पडते आणि बुडबुडे धरते. उरलेला माल पसरट झाकणात पूर्ण घट्ट होऊ द्यावा आणि मग टाकावा. तो जाळू नये, मोरीत ओतू नये.

बोंडात काय घालायचे हे आत्यांनीच ठरवले. आमचे सासरे १९९४ साली गेले. त्या दिवशी आत्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फोडल्या. त्यातले काही तुकडे त्यांनी नंतर केरातून वेचून पानाच्या डब्यात ठेवले होते, हे मला तीस वर्षांत माहीत नव्हते. मी अंगणात साचे लावत होते, तेव्हा त्यांनी तो डबा माझ्यापुढे आणून ठेवला. "ह्ये घाल त्यात. उगं डब्यात पडून हायत." शेजारची एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "अगं, विधवेनं हिरवं?" आत्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. मी तिला हेरवाडचे सांगितले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी पत्रक काढले. म्हातारी गप्प बसली. पटले की नाही, देव जाणे.

काच घालताना काळजी लागते. तुकडे जाड फडक्यात गुंडाळून दगडाने बारीक केले, डोळ्यांवर चष्मा लावून. पाट्यावर नव्हे, तिथे पुढे चटणी वाटायची असते. तुकडे साच्याच्या मधोमध राहतील आणि वर-खाली निदान दोन मिलिमीटर रेझिन येईल असे घातले. पुढे घासताना काच उघडी पडली तर बोट कापते. आत्यांच्या एका बोंडात एक तुकडा कडेला आला होता, ते बोंड मी काढून टाकले आणि दुसरे ओतले.

दांडीसकट ही सुई दहा ग्रॅमच्या आत भरली. बांबू गार लागत नाही, आणि त्यावरून टाके स्टीलसारखे घसरत नाहीत, त्यामुळे बोटांनी आवळून धरावे लागत नाही. आत्या आता रोज दुपारी अर्धा तास विणतात. पूर्वीचा वेग नाही, आणि झबले नाही, सहा नंबरवर जाड लोकरीची उशीची खोळ चालू आहे. ओळ संपली की बोंडाकडे एकदा पाहतात.

तर मुली, तुझ्या आईसाठी बांबूची दांडी आणि रेझिनचे बोंड कर. १० मिलिमीटरच्या सुया तुझ्यासारख्या तरुण हातांना ठीक.

आता विक्रीचे. किलोला हजार रुपये धरले तर १० मिलिमीटरच्या जोडीत साठ-सत्तर रुपयांचा माल जातो, बोंडाच्या जोडीत पंधराएक रुपयांचा. त्याला वॉटर पेपर, मोजे, मोडलेले आणि फसलेले धर. पहिल्या दहांत तीन-चार फसतात असे समजून चाल. आणि तुझ्या दोन दुपारींची मजुरी धर, ती बायका कधी धरत नाहीत. बाजारात अ‍ॅल्युमिनियमचा जोड थोडक्या पैशात मिळतो, त्याच्याशी स्पर्धा करू नकोस. तुझी वस्तू घेणारी बाई वेगळी आहे, तिला तिच्या नातीच्या बारशाचे फूल किंवा आईच्या लुगड्याचा जरीचा धागा बोंडात हवा असेल. म्हणजे मागणी आधी, माल नंतर. पाच किलोचा डबा उघडून ठेवला तर हार्डनर पिवळा पडतो, तेही ध्यानात घे. अर्धा किलो आण, तोही घरातल्या पैशाने. सहा जोड कर, त्यातले दोन गावातल्या विणणाऱ्या बायकांना वापरायला दे आणि त्यांनी एकेक वस्तू पुरी केल्याशिवाय बाकीचे विकू नकोस. रंगीत बोंड ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. रंग सुटला तर तो कुणाच्या पांढऱ्या लोकरीवर जाईल आणि तुझे नाव जाईल. हे सगळे जमले आणि बचत गटाच्या प्रदर्शनात चार जोड खपले, तर कर्जाचे पत्र मला पुन्हा लिही. तेव्हा उत्तर वेगळे असेल.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगायला विसरू नकोस. ही सुई उन्हात, पत्र्याखाली किंवा मोटारीच्या काचेशी ठेवू नये. साधी इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना नरम पडते, बिनतारेची सुई वाकते, आणि उन्हाने पिवळीही होते. वाकली तर गरम पाण्यात बुडवून पाटावर सरळ करून गार होऊ द्यावी.

१० मिलिमीटरच्या सुयांवर काय विणावे, असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी: जाड लोकरीचे दोन धागे एकत्र धरून वीस टाके घालावेत आणि प्रत्येक ओळ सुलटच विणावी. साधारण वीत-सव्वा वीत रुंदीचा मफलर होतो. पाच फुटांसाठी पाव किलो लोकर आणून ठेवावी, थोडी उरेल. आपल्या धनगरांच्या मेंढीची लोकर गळ्याला टोचते, ती मफलरला घेऊ नये, पण त्याच सुयांवर तिची बसायची आसने फार चांगली होतात. त्याला तीस टाके घालावेत, आणि पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यावा, म्हणजे कड सरळ येते.